२५ लाखांची एसयूव्ही की ५० लाखांची? धर्मापुरीच्या रस्त्यावर मांडलेला हिशोब

"एक्सयूव्ही७०० घ्यावी, की अजून थोडे पैसे घालून सरळ बीएमडब्ल्यू एक्स१ च घ्यावी?" हा प्रश्न आता फक्त पुण्या-मुंबईत विचारला जात नाही. माझं गाव बीड जिल्ह्यातलं धर्मापुरी, नोकरी पुण्यात. गावाकडून लॅपटॉप कोणता घ्यायचा यासाठी जितके फोन येतात, तितकेच आता गाडीसाठी येतात. कुणाची जमीन रस्त्यात गेलेली असते, कुणाचं कृषी सेवा केंद्र चांगलं चाललेलं असतं, कुणाचा मुलगा परदेशात असतो. पैसे आलेले असतात किंवा बँक कर्ज द्यायला तयार असते, आणि मोठी गाडी दारात उभी राहिली की गावात नाव निघतं हेही खरं असतं.

या प्रश्नातला "थोडे पैसे" हा शब्द फसवा आहे. तो फरक नेमका किती, त्या पैशांत तांत्रिकदृष्ट्या काय मिळतं, आणि त्यातलं किती आपल्या भागात खरोखर वापरलं जातं, हे या लेखात बघू.

## आधी माप: मिडसाईज म्हणजे किती मोठी?

साधारण ४.४ ते ४.७ मीटर लांबीच्या एसयूव्हीला मिडसाईज म्हणतात. आता ही मापं बघा:

- महिंद्रा एक्सयूव्ही७००: लांबी ४,६९५ मिमी
- टाटा हॅरियर: लांबी ४,६०५ मिमी
- बीएमडब्ल्यू एक्स१: लांबी ४,५०० मिमी
- मर्सिडीज जीएलसी: लांबी ४,७१६ मिमी

पहिल्या दोघींची टॉप मॉडेल्स साधारण २५ लाखांच्या आसपास एक्स-शोरूम जातात. एक्स१ ची सध्याची पिढी जानेवारी २०२३ मध्ये भारतात आली तेव्हा किंमत ४५.९० लाखांपासून सुरू होत होती. जीएलसी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ७० लाखांच्या वर आली.

म्हणजे दुप्पट पैसे देऊन जी लक्झरी एसयूव्ही मिळते, ती महिंद्रापेक्षा आकाराने लहान आहे. तितक्याच आकाराची लक्झरी गाडी हवी असेल तर बजेट जवळपास तिप्पट लागतं. घरात सहा-सात माणसं असतील आणि लग्नसराईत सगळ्यांना एकाच गाडीने जायचं असेल, तर तुलना इथेच संपते. एक्सयूव्ही७०० सात सीटमध्ये मिळते. आपल्याकडची एक्स१ पाच सीटची आहे, आणि मागच्या सीटवर तीन मोठी माणसं बसली की मधला कुरकुर करणारच.

## मग जास्तीचे २५ लाख जातात कुठे?

फक्त लोगोसाठी जातात असं म्हणणं चूक आहे. काही गोष्टी खरोखर वरच्या दर्जाच्या असतात.

शांतता. दरवाज्यांना दुहेरी रबर, जाड काच, बॉडीच्या पोकळ्यांत भरलेला आवाज शोषणारा फोम. ताशी १०० च्या वेगात आतलं बोलणं आणि बाहेरचा टायरचा आवाज यातला फरक लगेच कळतो.

वेगातला स्थिरपणा. बॉडी जितकी कडक, तितकं सस्पेन्शन नीट काम करतं. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने जाताना स्टीअरिंगमध्ये जो विश्वास वाटतो, तो यातून येतो.

दिवे. महागड्या गाड्यांतले अ‍ॅडॅप्टिव्ह एलईडी हेडलाइट समोरच्या गाडीपुरता प्रकाश कमी करतात आणि बाकीचा रस्ता उजळ ठेवतात. आपल्याकडे रात्री याची किंमत कळते. त्यावर पुढे येतोच.

बारीक काम. सीटची ठेवण, रंग, आतल्या प्लॅस्टिकचा दर्जा, पाच वर्षांनीही न खडखडणारा डॅशबोर्ड.

पण किमतीचा मोठा भाग या वस्तूंचा नसतो. जर्मन गाड्या भारतात जुळवल्या जातात: एक्स१ चेन्नईत, मर्सिडीज चाकणला, ऑडी क्यू३ आपल्या छत्रपती संभाजीनगरला. मात्र त्यांचे बरेच भाग किटच्या रूपात बाहेरून येतात आणि त्यावर आयात शुल्क लागतं. शिवाय खप कमी. भारतात वर्षाला ४० लाखांहून जास्त कार विकल्या जातात. त्यात सगळ्या लक्झरी कंपन्या मिळून साधारण ५० हजार, म्हणजे शंभरात एक-सव्वा. शोरूमचा, सुट्या भागांच्या साठ्याचा, प्रशिक्षित माणसांचा खर्च इतक्या कमी गाड्यांवर वाटला जातो. तो शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात येतो.

जीएसटीत मात्र आता भेदभाव नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४०% जीएसटी आहे आणि वेगळा सेस नाही. हॅरियर असो की मर्सिडीज, टक्केवारी एकच. पण ४० टक्के कशावर, हा प्रश्न उरतोच.

## बॅज वेगळा, आतलं सामान ओळखीचं

गाड्यांचं इंजिनिअरिंग आता इतकं एकमेकांत मिसळलंय की "हे लक्झरी, ते साधं" अशी सरळ रेघ मारता येत नाही. तीन उदाहरणं देतो.

हॅरियर ज्या प्लॅटफॉर्मवर उभी आहे, तो लँड रोव्हरच्या डी८ प्लॅटफॉर्मवरून तयार केलेला आहे. तिचं २ लिटर डिझेल इंजिन मूळचं फियाटचं. त्याच कुळातलं इंजिन जीप कंपासमध्ये आहे आणि एमजी हेक्टरमध्येही येऊन गेलं. हे इंजिन बनतं पुण्याजवळच्या रांजणगावला.

दुसरं उदाहरण उलट दिशेचं. मर्सिडीज जीएलए २०० मध्ये १.३ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन आहे. ते मर्सिडीजच्या मूळ कंपनीने रेनॉ-निसानबरोबर मिळून विकसित केलं. त्याच घराण्यातलं इंजिन भारतात २०२० च्या रेनॉ डस्टरमध्येही मिळत होतं.

तिसरं ताकदीचं. एक्सयूव्ही७०० चं २.२ लिटर डिझेल १८५ पीएस देतं, हॅरियरचं १७० पीएस. एक्स१ चं डिझेल १५० पीएस, तर १.५ लिटर तीन सिलिंडर पेट्रोल १३६ पीएस. कागदावरची ताकद स्वस्त गाडीत जास्त आहे. अर्थात इंजिन किती गुळगुळीत चालतं, गिअर किती झटकन बदलतो हे कागदावर दिसत नाही. तिथे जर्मन गाडी बाजी मारते.

## ५ वर्षांचा हिशोब

आता आकडे. दोन काल्पनिक डिझेल गाड्या धरू: एकीची एक्स-शोरूम किंमत २३ लाख, दुसरीची ५० लाख. दोन्हींना एक्स-शोरूमच्या ८०% कर्ज, व्याज ९%, मुदत ५ वर्षं.

रोड टॅक्स. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर २० लाखांच्या वरच्या डिझेल गाडीला १५%. पहिलीला ३.४५ लाख, दुसरीला ७.५० लाख. (पेट्रोल असेल तर १३%.)

हप्ता. पहिलीचा महिन्याला सुमारे ३८,२०० रुपये, दुसरीचा सुमारे ८३,००० रुपये. पाच वर्षांत जाणारं व्याज अनुक्रमे ४.५ लाख आणि ९.८ लाख.

घसारा. विमा कंपन्या गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरवताना एक तक्ता वापरतात. त्यात चार ते पाच वर्षं वयाच्या गाडीला ५०% घट धरतात. पहिलीचे ११.५ लाख गेले, दुसरीचे २५ लाख.

बेरीज:

- पहिली गाडी: ३.४५ + ४.५ + ११.५ = साधारण १९.५ लाख
- दुसरी गाडी: ७.५ + ९.८ + २५ = साधारण ४२.३ लाख

वर्षाला १५,००० किमी धरले तर पाच वर्षांत ७५,००० किमी होतात. पहिली पडली किलोमीटरला २६ रुपये, दुसरी ५६ रुपये. यात डिझेल नाही, विमा नाही, सर्व्हिसिंग नाही, टायर नाहीत.

दोघींतला फरक महिन्याला ३८,००० रुपयांचा आहे. "थोडे पैसे" म्हणजे हे. पगारदार माणसाचा पगार दर महिन्याला येतो. शेतीचा पैसा सोयाबीन, कापूस, ऊस निघाल्यावर येतो, आणि एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच कापला जातो. त्यामुळे हप्ता ठरवताना चांगलं वर्ष धरू नका. गेल्या पाच वर्षांतलं सगळ्यात वाईट वर्ष डोळ्यासमोर ठेवा आणि त्या वर्षी हा हप्ता भरता आला असता का ते बघा.

विम्यातली एक गंमत. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीवर नसतो, इंजिनाच्या सीसीवर असतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरानुसार १५०० सीसीच्या वर वर्षाला ७,८९७ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये. म्हणजे १४९९ सीसीच्या पेट्रोल एक्स१ चा थर्ड पार्टी हप्ता हॅरियर डिझेलपेक्षा कमी. पण हा आनंद लहान आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा किमतीवर असतो आणि तिथे सगळी कसर निघते.

व्यवसायाच्या नावाने गाडी घेणाऱ्यांसाठी: आयकरात गाडीवर १५% घसारा मिळतो हे खरं. पण कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर महाराष्ट्रात रोड टॅक्स २०% लागतो. ५० लाखांच्या गाडीला दहा लाख. सीएला आधी विचारा, बुकिंग नंतर करा.

## आपला रस्ता काय म्हणतो?

धर्मापुरीहून अंबाजोगाई, परळी किंवा अहमदपूरला जाणारा माणूस एकाच दिवसात तीन प्रकारच्या रस्त्यांवरून जातो: चकाचक काँक्रीट, उखडलेलं डांबर आणि शेताकडे जाणारी पांदण. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह फक्त पहिल्या प्रकारावर होते.

टायरची साईडवॉल बघा. टायरवर २३५/६५ आर१७ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा मिमीमध्ये रुंदी, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंचीची रबरी भिंत. २३५ चे ६५% म्हणजे साधारण १५३ मिमी. आता २३५/४५ आर१९ टायर घ्या: भिंत फक्त १०६ मिमी. खड्ड्याच्या कडेवर आपटल्यावर रिमपर्यंत धक्का पोहोचण्याआधी पाच सेंटिमीटर रबर कमी. मोठे, दिखाऊ अलॉय आणि पातळ टायर लक्झरी गाड्यांत जास्त दिसतात, पण साध्या गाड्यांच्या टॉप मॉडेलमध्येही आता येतात. दोन्हीकडे एक पायरी खालचं, छोट्या रिमचं मॉडेल मिळत असेल तर आपल्या भागात ते जास्त शहाणपणाचं.

स्टेपनी विचारा. काही जर्मन गाड्यांत रन-फ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते. काहींत पातळ, तात्पुरती स्टेपनी असते, जिच्यावर कमी वेगाने थोडंच अंतर जायचं असतं. रन-फ्लॅट टायर पंक्चर झाला तरी काही अंतर चालतो, पण साईडवॉल फाटली तर बदलावाच लागतो, आणि तो मापाचा टायर अंबाजोगाईच्या दुकानात मिळेल याची खात्री नसते.

ग्राउंड क्लिअरन्स भरलेल्या गाडीत मोजा. कंपन्या कधी रिकाम्या गाडीचा आकडा देतात, कधी भरलेल्या. त्यामुळे पत्रकावरचे आकडे एकमेकांशी ताडून उपयोग नाही. टेस्ट ड्राइव्हला घरची पाच माणसं बसवा आणि गावातला सगळ्यात उंच स्पीडब्रेकर पार करा.

काळी माती. पावसाळ्यात पांदणीतून जायचं तर ऑल-व्हील ड्राइव्ह हवीच, असा समज आहे. एक्सयूव्ही७०० च्या वरच्या डिझेल मॉडेलमध्ये ती मिळते, हॅरियर डिझेलमध्ये मिळत नाही, आणि आपल्याकडची एक्स१ पुढच्या चाकांवर चालते. पण काळ्या चिखलात रस्त्याचे टायर एकदा भरले, की चारही चाकं फिरली तरी पकड येत नाही. तिथे शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो, बॅज कोणताही असो.

डीपीएफ आणि अ‍ॅडब्लू. बीएस६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी पकडणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती भरली की गाडी स्वतःच तापमान वाढवून काजळी जाळते. त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका वेगात चालावी लागते. रोज फक्त घर ते शेत असा दोन-तीन किलोमीटरचा फेरा असेल तर जाळी चोंदते. आठवड्यातून एकदा लातूर-नांदेडची चक्कर होत असेल तर काळजी नाही.

अनेक डिझेल गाड्यांत अ‍ॅडब्लू नावाचं द्रावणही भरावं लागतं. त्यात ३२.५% अतिशुद्ध युरिया असतो. हे वाचून कुणी शेतातला युरिया पाण्यात विरघळवून टाकू नका! आपल्याकडचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो आणि तितका शुद्ध नसतो. इंजेक्टर चोंदला तर बिल युरियाच्या कित्येक गोण्यांएवढं येईल.

## सुरक्षितता: स्टार मोजताना काय बघायचं?

एक्सयूव्ही७०० ला नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपचे ५ स्टार मिळाले. हॅरियरला डिसेंबर २०२३ मध्ये भारत एनकॅपचे ५ स्टार. एक्स१ ला २०२२ मध्ये युरो एनकॅपचे ५ स्टार.

तिन्हीकडे पाच असले तरी परीक्षा वेगळ्या आहेत. भारत एनकॅपमध्ये गाडी ताशी ६४ किमीने स्थिर अडथळ्यावर आदळवतात. युरो एनकॅपमध्ये २०२० पासून समोरचा अडथळाही चालता असतो, आणि गाडी स्वतः ब्रेक लावते का, लेन सांभाळते का यालाही गुण असतात. म्हणून युरोपचे पाच स्टार जास्त कठीण. पण तिथे तपासलेली गाडी युरोपातली असते. तीच सगळी उपकरणं भारतातल्या मॉडेलमध्ये आहेत का, हे यादी घेऊन तपासा. महत्त्वाचं हे की सुरक्षिततेसाठी ५० लाख घालावे लागत होते तो काळ गेला. पंचवीस लाखांत सहा-सात एअरबॅग, ईएसपी आणि भक्कम बॉडी मिळते.

आता एडास, म्हणजे कॅमेरा-रडारवर चालणारी मदत. ती दोन्ही वर्गांत मिळते. कॅमेऱ्याला रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा लागतात, त्या आपल्याकडे अर्ध्या रस्त्यांवर नसतात. कारखाने सुरू झाले की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो: अशी यंत्रणा तिने शिकलेल्या आकारांवर चालते. अंधारातली उसाची ट्रॉली तिला वेळेत ओळखता येईलच, यावर जीव टाकू नका. त्यापेक्षा चांगले हेडलाइट आणि ताशी साठचा वेग जास्त कामाचे. टेस्ट ड्राइव्ह शक्य असेल तर रात्री घ्या, हे त्यासाठीच.

## सॉफ्टवेअर आणि सर्व्हिसचं अंतर

माझ्या मते निर्णयाचा सगळ्यात मोठा भाग हा आहे, आणि शोरूममध्ये यावर कुणी बोलत नाही.

आजची गाडी म्हणजे एकमेकांशी बोलणारे अनेक छोटे कॉम्प्युटर. त्यांना ईसीयू म्हणतात. महागड्या गाडीत त्यांची संख्या शंभराच्या घरातही जाते. जास्त सुविधा म्हणजे जास्त ईसीयू, जास्त सेन्सर, जास्त वायरिंग. बिघाड झाला की मेकॅनिक ओबीडी पोर्टला स्कॅनर लावून कोड वाचतो. साधा स्कॅनर तालुक्याच्या गॅरेजमध्येही असतो. पण कोड वाचणं आणि दुरुस्ती करणं यात फरक आहे. अनेक जर्मन गाड्यांत नवा हेडलाइट बसवला तर तो त्या गाडीच्या नंबरशी सॉफ्टवेअरने जोडावा लागतो. बीएमडब्ल्यूत साधी बॅटरी बदलली तरी तिची नोंद गाडीच्या सिस्टिममध्ये करावी लागते. त्यासाठीचं अवजार आणि परवानगी मुख्यतः अधिकृत वर्कशॉपकडे असते.

धर्मापुरीहून महिंद्रा-टाटाचं वर्कशॉप लातूर किंवा बीडमध्ये आहे. जर्मन गाडीसाठी आपल्याला छत्रपती संभाजीनगर किंवा पुणं गाठावं लागतं. संभाजीनगर दोनशे किलोमीटरहून जास्त आहे, पुणं त्याहूनही लांब. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की एक अख्खा दिवस गेला. पार्ट मागवावा लागला तर दोन फेऱ्या. गाडी चालूच होत नसेल तर फ्लॅटबेड ट्रक.

इथे ऑक्टोबर २०१० ची गोष्ट आठवते. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार, देशभर बातम्या झाल्या. अनेकांनी त्याकडे फक्त श्रीमंतीचं प्रदर्शन म्हणून पाहिलं. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. एकत्र गेल्यामुळे बँकेकडून स्वस्त व्याज मिळालं, आणि एका शहरात इतक्या गाड्या असल्या की कंपनीला तिथल्या सेवेकडे लक्ष द्यावंच लागतं. गाव पातळीवर हेच उलटं चालतं. दहा-वीस गावांत तुमची एकटीच जर्मन गाडी असेल तर तिच्यासाठी कुणी पार्ट साठवून ठेवणार नाही. शेजारच्या पाच घरांत एक्सयूव्ही किंवा हॅरियर असेल, तर मेकॅनिकचा हातही बसलेला असतो आणि पार्टही मिळतो.

## सेकंडहँड जर्मन घ्यावी का?

खरा मोह इथे आहे. चार-पाच वर्षं जुनी एक्स१, क्यू३ किंवा जीएलए अनेकदा नव्या एक्सयूव्ही७०० च्या किमतीत मिळते. "त्याच पैशात बीएमडब्ल्यू!" असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण गाडीची किंमत निम्मी झाली तरी तिच्या पार्ट्सची किंमत निम्मी होत नाही. पंचवीस लाखांत घेतलेल्या जुन्या गाडीचा हेडलाइट, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचा आर्म हे सगळं पन्नास लाखांच्या गाडीच्याच भावाने येतं. आणि ते खराब व्हायची वेळ नेमकी वॉरंटी संपल्यावरच येते.

तरीही घ्यायचीच असेल तर एवढं तपासा:

- कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा पूर्ण इतिहास काढा. शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदी बाहेरच्या गॅरेजच्या असतील तर सावध व्हा.
- वॉरंटी वाढवता येते का, आणि ती नव्या मालकाच्या नावावर होते का, हे लेखी घ्या. वॉरंटी नसेल तर गाडी सोडा.
- गिअरबॉक्स बहुधा दोन क्लचचा ऑटोमॅटिक असतो. रांगेत रखडत चालवून बघा, आणि चढावर थांबून निघा. झटके बसले तर नको.
- वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा, चलन आणि विम्याची स्थिती बघा.
- टायरवरचा चार अंकी कोड वाचा. २४२१ म्हणजे २०२१ सालचा २४ वा आठवडा. पाच वर्षं झालेले टायर बदलावे लागतील असं धरून भाव करा.
- पेट्रोल गाडी असेल तर झाकणाजवळ ई२० चालेल असं लिहिलंय का बघा. आपल्याच उसाचं इथेनॉल आता जवळपास प्रत्येक पंपावरच्या पेट्रोलमध्ये आहे, आणि २०२३ च्या आधीच्या सगळ्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत.
- दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी दिसली तर थांबा. तिथल्या दहा वर्षांच्या नियमामुळे गाड्या स्वस्तात निघतात. पण एनओसी आणणं, इथे पुन्हा नोंदणी करणं आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरणं हे सगळं तुमच्या माथी येतं.

## मग घ्यायची कोणती?

माझं उत्तर स्पष्ट आहे. धर्मापुरी, घाटनांदूर, परळी अशा भागात राहून जी एकच गाडी घरात असणार आहे, ती २०-२५ लाखांची मुख्य प्रवाहातली एसयूव्हीच असावी. जागा जास्त, ताकद पुरेशी, सुरक्षितता चांगली, आणि बिघडली तर त्याच दिवशी संध्याकाळी घरी. वाचलेले वीस-बावीस लाख ठिबक, विहीर, गोदाम किंवा मुलांच्या शिक्षणात गेले तर पाच वर्षांनी त्यांची किंमत वाढलेली असेल.

लक्झरी गाडी पुढच्या चार गोष्टी एकत्र जुळत असतील तर बिनधास्त घ्या:

- घरात दुसरी, खडतर कामाची गाडी आधीच आहे.
- महिन्याला बराच प्रवास महामार्गावर होतो, आणि संभाजीनगर किंवा पुण्याला तसंही जाणं होतं.
- हप्ता नियमित उत्पन्नातून जातो, पिकाच्या किंवा जमिनीच्या पैशातून नाही.
- वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेजसकट किंमत परवडते.

या चारही गोष्टी असतील तर ती शांतता, ते दिवे, तो स्टीअरिंगचा विश्वास यांचा आनंद जरूर घ्या. त्यात गैर काही नाही. एखादी जरी नसेल तर थांबा.

## शोरूममध्ये जाण्याआधी हे कागदावर लिहा

१. सगळ्यात वाईट वर्षात भरता येईल असा हप्ता किती?
२. जवळचं अधिकृत वर्कशॉप किती किलोमीटरवर, आणि तिथे वाटेत बंद पडलेली गाडी उचलून न्यायची सोय आहे का?
३. चार टायर, एक हेडलाइट, पुढची काच आणि एक मोठी सर्व्हिस यांचे दर काय? दोन्ही शोरूममधून लेखी घ्या.
४. झीरो डेप्रिसिएशन विमा किती वर्षं मिळेल? साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५०% कापले जातात, आणि आजच्या गाडीचा बंपर, ग्रिल, क्लॅडिंग सगळं प्लॅस्टिकच असतं.
५. टेस्ट ड्राइव्ह गावात आणून देणार का? नाही म्हणाले तर गाडी विकल्यावर ते गावापर्यंत किती येतील याचा अंदाज तिथेच येतो.

या पाच उत्तरांचा कागद घेऊन घरातल्या सगळ्यांसोबत एकदा बसा, हप्ता भरणारे आणि गाडी चालवणारे दोघंही त्यात असू द्या. मगच बुकिंगचे पैसे भरा.